अडकलंय का कोणी?

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभर त्याचं नाव आहे. कुठे दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडली की हा हातातला घास टाकून पळतो, आणि आतल्या माणसाला इतक्या अलगद बाहेर काढतो की त्या बिचाऱ्याला घरी जाऊन सांगायला धड गोष्टसुद्धा उरत नाही. लोक मला रस्त्यात थांबवून त्याचं कौतुक सांगतात. मी मान डोलावते. लोकांना काय जातंय, त्याच्या घरात मी राहते.

त्याच्या घरात बेल वाजत नाही. येणाऱ्याने खिडकीखाली उभं राहून हाक मारायची, हे दूधवाल्यापासून सगळ्यांना पाठ झालंय. स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ कधीच निखळली, म्हणून तो खण चमच्याच्या दांड्याने उघडायचा. आणि तो चमचा कोणी चुकून त्याच खणात टाकला, की त्या दिवशी चहा सुरीने ढवळायचा. जिन्यातला दिवा लावायचा असेल तर बटण दाबून भिंतीवर एक चापट मारावी लागते. या सगळ्याबद्दल मी तोंड उघडलं की नवरा अगदी शांतपणे, कामावर विचारतो त्याच आवाजात विचारतो, "अडकलंय का कोणी?"

"नाही."

"मग उद्या."

यावर काय बोलणार? भांडायचं तर समोरच्याचा आवाज चढायला हवा. याचा आवाज कधी चढतच नाही. सगळा चढलेला आवाज या घरात माझ्याच वाट्याला आलाय.

पण बेल आणि खण परवडले. खरं दुखणं म्हणजे बाथरूमच्या दाराची आतली कडी. ती लागायची पटकन, मात्र निघायची नाही. काढायची असेल तर आधी दाराला खालून गुडघ्याने रेटायचं, मग कडी अंगठ्याने वर उचलायची, मग दार किंचित आपल्याकडे ओढायचं आणि त्याच क्षणी कडी सरकवायची. सांगायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते फक्त हातांना कळतं. त्यामुळे पाहुणा आला की आम्ही त्याला पाणी देतो, पंखा लावतो आणि बाथरूमच्या दाराची शिकवणी देतो. पाहुण्याला दार उघडं ठेवून दोनदा करून दाखवायला लावायचं आणि पास झाला तरच आत सोडायचं, असा घराचा नियमच झाला होता.

त्या दाराच्या बरोबर समोर माझं शिवणयंत्र आहे. मी पडदे शिवते. उजेड तिथेच येतो, म्हणून यंत्र तिथे, आणि यंत्राशेजारच्या स्टुलावर माझे सासरे. बाबा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता माझ्या पडद्यांचे कच्चे टाके उसवत बसतात आणि गिऱ्हाइकांच्या पसंतीला नावं ठेवतात.

"हा रंग आजारी माणसाचा आहे," ते म्हणतात.

"गिऱ्हाइकाने निवडलाय."

"मग गिऱ्हाईक आजारी असेल. विचारून घे."

दिवसभर आमचं हे असं चालतं. माझं यंत्र विजेवर चालतं, पण मी चालते ती या भांडणावर. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, ते चढून बसले असते.

तर या घरातून बाबांना न्यायचं, असं ताईंनी ठरवलं. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्या दुसऱ्या शहरात एका प्रवास कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माणसं इथून उचलून तिथे नेऊन ठेवणं हेच त्यांचं काम, आणि ते त्या घरच्यांच्या बाबतीतही करतात. भावाच्या अगदी उलट. त्यांना उद्याचं काम कालच केलेलं असावं लागतं. फोनवर त्या म्हणाल्या, "बाबांची खोली तयार आहे. रंग दिलाय, पडदे लावलेत. तुमच्याकडे घर म्हणजे सगळं टेकू लावून उभं. त्या बाथरूममध्ये एखाद्या दिवशी बाबा अडकले तर?"

पडदे दुसरीकडून शिवून घेतले, तो घाव वेगळाच. पण बोलणं खोटं नव्हतं. मी फोन बाबांना दिला. बाबा म्हणाले, "हं. बघू." ताईंच्या शब्दकोशात 'बघू'चा अर्थ 'हो' असाच असतो. तिकिटं निघाली.

आणि त्याच सुमारास बाबांनी बाथरूममध्ये गायला सुरुवात केली. आयुष्यात कधी गुणगुणले नव्हते. आता आत पाऊल टाकलं की सूर लागायचा, तो बाहेर पडेपर्यंत सुटायचा नाही. सूर म्हणजे काय, रिकामं पिंप फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. शेजारचे चौकशी करून गेले. मी मात्र यंत्रावर मान खाली घालून बसायचे, आणि शिवण सरळ जायची नाही. एवढा आनंद! लेकीकडे जायचं ठरल्यापासून म्हातारा गायला लागला! माझ्या शेजारी इतकी वर्षं बसून ज्याला कधी एक ओळ सुचली नाही, तो आता निघताना मैफल करतोय. मला फार लागलं ते. 'जायचंय का तुम्हाला?' असं एकदा सरळ विचारावं, असं रोज वाटायचं. पण ते हो म्हणाले तर? म्हणून मी विचारलं नाही आणि सगळा राग नवऱ्यावर काढला.

"ताई यायच्या आत ती कडी दुरुस्त कर. त्यांना बोलायला जागा राहायला नको."

"उद्या नक्की."

ताई यायच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "संध्याकाळी करतो." उद्यावरून तो संध्याकाळपर्यंत आला, ही त्याच्या मानाने मोठीच मजल होती. मग फोन वाजला, कुठल्याशा इमारतीत एक काका लिफ्टमध्ये अडकले होते, आणि हा पिशवी उचलून पळाला.

ताई आल्या. त्यांनी बेल दाबली. रस्त्यावरून हाका मारणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्या पुन्हा पुन्हा बेल दाबत खाली ताटकळत उभ्या राहिल्या. शेवटी दूधवाल्याला दया आली आणि त्याने त्यांच्या वतीने हाक मारली.

"बेल वाजत नाही," वर आल्या आल्या त्या म्हणाल्या.

"नाही."

"अजून?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. बाबांनी उठून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. ताईंचा चेहरा क्षणभर शाळकरी मुलीसारखा झाला आणि लगेच पुन्हा हुद्द्यावर गेला. "उद्या सकाळी निघायचं, बाबा. बॅग भरलीत ना?" बाबा म्हणाले, "हं." मी चहाचं आधण ठेवायला वळले. दाराची शिकवणी चहा झाल्यावर देईन, असं मनात होतं.

"हातपाय धुऊन येते," ताई म्हणाल्या.

आणि खट् आवाज आला. कडी लागली.

मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. "तू सांगितलं नाहीस?" बाबा म्हणाले. "मला वाटलं तुम्ही सांगाल," मी म्हणाले.

आत पाण्याचा आवाज झाला, थांबला. मग कडी खडखडली. मग जोरात खडखडली. मग ताईंचा आवाज आला, "अगं, हे दार उघडत नाहीये."

"ताई, घाबरू नका. गुडघ्याने रेटा."

"काय रेटू?"

"दार. खालून."

"कोणता गुडघा?"

इथेच घोडं अडलं. गेली कित्येक वर्षं मी ते दार दिवसातून अनेकदा उघडत होते, पण कोणता गुडघा ते मला ठाऊक नव्हतं. मी हवेत रेटून पाहिलं. डावा वाटला. बाबांनीही भिंतीला टेकून हवेत पाय उचलला. "उजवा," ते म्हणाले. "डावा," मी म्हणाले. "उजवा! मी पाट्या रंगवायला शिडीवर उजवाच टेकायचो." "शिडीचा काय संबंध, बाबा?" आत ताई आधी एक, मग दुसरा गुडघा आपटत असाव्यात, कारण दार दोन वेगवेगळ्या आवाजांत कण्हत होतं. कडी जागची हलली नाही.

मी नवऱ्याला फोन लावला. मागे माणसांचा गलका होता. त्याने सवयीने विचारलं, "अडकलंय का कोणी?"

"हो."

"कोण?"

"तुझी बहीण."

"कितव्या मजल्यावर?"

"अरे आपल्या बाथरूममध्ये!"

मग तो म्हणाला, "या काकांना काढतो आणि निघतोच. तोवर तिच्याशी बोलत राहा. आतल्या माणसाला बाहेरचा आवाज ऐकू यायला हवा, नाहीतर तो जास्त घाबरतो. काहीही बोला. फक्त गप्प बसू नका."

ताईंशी मी काहीही काय बोलणार? आमचं बोलणं हवेपाण्यावर सुरू होऊन हवेपाण्यावरच संपतं. मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडे उकाडा कसा आहे?" आतून फक्त कडी खडखडली. तेवढ्यात बाबांनी आपलं स्टूल उचललं, दाराशी नेऊन ठेवलं आणि ते दाराला पाठ लावून बसले.

"ताई," ते म्हणाले, "घाबरू नकोस. तो येतोय."

"मी घाबरलेली नाही," आतून आवाज आला. तो घाबरलेला होता. "बघितलंत ना, बाबा? हेच मी म्हणत होते. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"मी नसतो गं अडकलो. मी कडी लावतच नाही."

"म्हणजे?"

बाबांनी उजवा हात समोर धरला आणि अंगठ्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "हा अंगठा आता काही उचलत नाही. ब्रश धरून धरून गेला बहुतेक. कडी लागते, पण काढता येत नाही. म्हणून मी दार नुसतं लोटतो आणि गात बसतो. म्हणजे बाहेरच्यांना कळतं, आत माणूस आहे."

ताईंसाठी ओतलेला चहाचा कप माझ्या हातात तसाच होता, तो मी शिवणयंत्रावर ठेवला. कोऱ्या कापडावर ठेवला हे नंतर कळलं. मैफल कसली नि आनंद कसला! म्हातारा बिचारा दाराची कडी म्हणून गात होता, आणि मी त्याच्यावर रुसून बसले होते.

"मग मला सांगायचंत!" मी म्हणाले.

"तू त्याला सांगितलं असतंस. तो उद्या म्हणाला असता. तू चिडली असतीस. त्यापेक्षा गाणं बरं."

"बाबा," आतून ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता हुद्दा राहिला नव्हता, "माझ्याकडे दाराची मूठ नुसती कोपराने दाबली तरी उघडते. मी मुद्दाम बसवून घेतलीय. तुमच्यासाठी."

बाबा नुसते आपला अंगठा चोळत राहिले. मला वाटलं, आता बोलत राहायचं काम मलाच करावं लागणार, पुन्हा उकाड्यावर यावं लागणार. मग ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ताई, मी तुझ्याकडे येत नाहीये."

आत नळ सुरू झाला आणि लगेच बंद झाला. बाबा पुढे बोलत राहिले.

"तू सकाळी जातेस, अंधार पडल्यावर येतेस. तुझं दार चांगलं आहे गं. पण तिथे मला कडी लावायचीच गरज नाही. गाण्याचीही नाही. आत माणूस आहे, हे सांगायचं कुणाला?"

मी पदराने डोळे पुसले आणि पडद्याच्या कापडाने नाक. ते गिऱ्हाइकाचं होतं. असू दे.

"मग हे इतके दिवस का नाही सांगितलंत?" ताईंनी विचारलं. त्या रडत होत्या, हे दारातूनही कळत होतं.

"उद्या सांगणार होतो," बाबा म्हणाले.

आणि आतून हसू आलं. रडता रडता येतं तसलं, नाकातून. मग ताई म्हणाल्या, "मी खोलीला पिवळा रंग दिलाय. तुम्हाला आवडतो म्हणून."

"कोणता पिवळा?"

"फिकट."

"तो आजाऱ्याचा असतो," बाबा म्हणाले. "मी येऊन सांगतो कोणता द्यायचा ते. राहायला नाही. चार दिवस, रंग द्यायला."

"खरंच याल?"

"हो."

ते बघू म्हणाले नाहीत, हे मी टिपून ठेवलं. मग ताई बारीक आवाजात म्हणाल्या, "बाबा, इथे कोंदटल्यासारखं होतंय. गा ना."

बाबा गायले. पिंप फरशीवरून निघालं. कडव्याच्या मध्यावर आतूनही कुणीतरी पिंप ओढायला लागलं, आणि हा गळा घरात कुणाकडून कुणाकडे गेला ते माझ्या लक्षात आलं.

नवरा धापा टाकत वर आला तो याच वेळी. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारापाशी उभा राहून आपल्या कामाच्या आवाजात म्हणाला, "घाबरू नका. दारापासून जरा लांब उभ्या राहा. आपण आता तुम्हाला सुखरूप बाहेर काढणार आहोत."

"आपण कोण रे गाढवा? उघड!" ताई म्हणाल्या.

त्याने फटीत एक चपटी पट्टी घातली, दार खालून बुटाने रेटलं, आणि दार उघडलं. डाव्या पायाने रेटलं, हे मी बाबांना तिथल्या तिथे दाखवलं. ताई बाहेर आल्या. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. त्या भावाला काहीतरी जबरदस्त बोलणार म्हणून मी सरसावून बसले होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, "इतकी वर्षं तू ही कडी का नाही केलीस?"

नवऱ्याने बाबांकडे बोट दाखवलं. "बाबांनी बजावलं होतं. हात लावायचा नाही, मी उलटी बसवलीय, मीच सरळ करणार."

"अरे, तेव्हा तू शाळेत होतास!" बाबा ओरडले. "पेचकस हातात धरला की बोट कापून घ्यायचास, म्हणून म्हटलं. आता तू दुनियेच्या लिफ्टा उघडतोस. मी आपला वाट बघतोय, हा कधी करतो."

"आणि मी तुमची."

मी आणि ताईंनी एकमेकींकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं कशावर तरी एकमत झालं होतं. मी नवऱ्याच्या पिशवीतून पेचकस काढून त्याच्या हातात दिला, ताईंनी स्टूल सरकवलं, आणि आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि 'उद्या' हा शब्द गिळला. मग खाली कामाच्या गाडीत पडून असलेली एक रुंद कडी घेऊन आला, अंगठा न लावता नुसत्या तळव्याने सरकणारी. बाबा स्क्रू धरून उभे राहिले आणि प्रत्येक स्क्रूला सल्ला देत होते. गार झालेला चहा मी पुन्हा उकळला, तो उतू जायच्या आत कडी बसलीसुद्धा. एवढंसं काम. त्यावर मी किती आवाज घालवला होता!

बाबा आत गेले. खट्. बाहेर आले. पुन्हा आत गेले. खट्. नवं खेळणं मूल जसं सोडत नाही तसे ते कडी सोडेनात. ताईंनी दुसऱ्या दिवशी एकच तिकीट वापरलं, दुसरं त्यांनी त्याच रात्री परतही करून टाकलं होतं. निघताना खाली उभ्या राहून त्यांनी चक्क मोठ्याने हाक मारली, "येते गं!" शेजारच्या खिडक्या उघडल्या.

बाबांचं गाणं मात्र बंद झालं. कडी लागत होती, मग गायचं कशाला? मी यंत्रावर बसून ऐकायचे तर नुसतं पाणी. इतके दिवस त्या आवाजाला मी शिव्या घातल्या होत्या, आणि आता तोच नाही म्हणून करमेना.

मग एका सकाळी ताईंचा फोन आला. त्या कामावर निघायच्या तयारीत होत्या, मागे भांड्याचा एकच आवाज येत होता, एकट्या माणसाच्या घरात येतो तसा.

"बाबा कुठेत?"

"आत गेलेत."

"कडी लागते ना?"

"लागते."

त्या घुटमळल्या. "अगं, त्यांना म्हणावं, कडी लावूनही गाता येतं. आणि फोन जरा दाराजवळ धर. मला निघायला अजून थोडा वेळ आहे."

मी दारावर टकटक केली आणि निरोप सांगितला. आत बाबा खाकरले. मग पिंप निघालं फरशीवरून, पूर्वीपेक्षाही बेसूर. मी फोन दाराला लावून धरला. पलीकडे ताई एक अक्षर बोलल्या नाहीत, फोनही ठेवला नाही. कडव्याच्या मध्यावर त्याही लागल्या ओढायला.

यंत्रावर पडदे पडले होते, एक कड शिवायची राहिली होती. गिऱ्हाईक खिडकीखाली येऊन हाका मारत होतं. माझे दोन्ही हात फोनला होते. मी तिथूनच ओरडले, "उद्या या!"